प्लगात अडकलेली ओवी

"जात्यापाशी काय बोललीस ते जात्यापाशीच ठेवायचं, बाई. पीठ तेवढं उचलायचं अन् उठायचं."

बोरीच्या कस्तुराबाईनं हे आपल्या लेकीला सांगितलं तेव्हा लेक परकरात होती आणि जात्याचा खुंटा तिच्या मुठीत मावत नव्हता. पहाटेच्या काळोखात आईचा आवाज पिठासारखा मऊ मऊ झरत राहायचा. सासऱ्याचा खोकला, जावेचा तोरा, धन्याचा आळस, सगळं त्या आवाजाबरोबर जात्याच्या तोंडात पडायचं. उजाडलं की कुणाला काही आठवायचं नाही. बायकांचा हा कायदा सरकारी कायद्यापेक्षा जुना आणि पाळायला सोपा. पण कस्तुराबाईच्या हयातीत जात्यापुढं कुणी मशीन आणून मांडलं नव्हतं. त्यामुळं मशीनपुढं काय करायचं हे तिनं सांगितलं नाही. तीच लेक, सत्यशीला, आज पूर्णेच्या वस्तीतल्या आपल्या घरात चौकटीला टेकून नवऱ्याच्या पाठीकडं बघत उभी होती. नवरा भिंतीवरच्या विजेच्या प्लगात वाकून बघत होता. विहिरीत पडलेली कळशी शोधावी, तसा.

"लागंना," सिताराम म्हणाला.

सत्यशीलेच्या काळजात काहीतरी हललं. ते दुःख नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला परभणीच्या रेडिओवर सिताराम कारकुनाची आई सरजाबाई जात्यावरच्या ओव्या म्हणणार होती. म्हणजे म्हणून कधीच झाल्या होत्या. पोळ्याच्या सुमारास रेडिओवाले येऊन त्या टेप करून घेऊन गेले होते. सितारामनंच त्यांना स्टेशनावरून घरी आणलं, घोंगडीवर बसवलं आणि तो कचेरीत निघून गेला, कारण साहेब रजा देत नाहीत. मागं राहिल्या दोघी. जातं एकटीनं ओढायचं आणि गायचंही, हे सरजाबाईच्या वयाला जमणारं नव्हतं, म्हणून समोर सून बसली. रेडिओवाला मोठा सज्जन. तो म्हणाला, "तुम्ही रोजच्यासारखं म्हणा. आम्ही इथं नाहीच असं समजा."

त्या दोघींनी तसंच समजलं. तिथंच घात झाला.

त्याच्या आदल्या आठवड्यात सत्यशीला कचेरीत गेली होती. सिताराम डबा विसरला होता, तो द्यायला. चहाची वेळ होती. टेबलावर कपबशा मांडल्या होत्या, फुलाफुलांच्या. आणि खिडकीच्या बाहेरच्या फळीवर एक कप एकटाच होता, कान तुटलेला. सितारामनं तो उचलला, नळाखाली धुतला, पुढं धरला, शिपायानं वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर त्यानं तो पुन्हा धुतला आणि फळीवर ठेवला. बायको आलेली त्याला दिसली नाही. ती डबा दाराशी ठेवून परत आली. संध्याकाळी तो रोजच्यासारखंच म्हणाला, "साहेबांचा चहा माझ्याबिगर होत न्हाई बघ." ती काही बोलली नाही. फक्त सासूला बोलली, आणि सासू जात्याला बोलली:

*लेक माझा कारकून, कचेरीत गं मानाचा*
*खिडकीत कप त्याचा, तुटक्या गं कानाचा*

जातं फिरत होतं, ज्वारी पडत होती, मशीनची चक्रं फिरत होती. समोरचीनं जबाब द्यायचा असतो. सत्यशीलेनं दिला, आणि नाव घेऊन दिला:

*साहेब बन्सीधर, चहा पितो गं बशीत*
*धनी माझा कप धुतो, नळाखाली खुशीत*

रेडिओवाले खूश होऊन गेले. दोघी पीठ भरायला लागल्या आणि डालगं निम्मं भरल्यावर सत्यशीलेचा हात थांबला. "आत्याबाई," ती म्हणाली, "आपुन काय म्हनलो?"

सरजाबाईनं चाळणी खाली ठेवली. "ते समदं थोडंच लावत्यात रेडिओत," ती म्हणाली. पण त्या रात्री जेवली नाही.

हे सगळं पोटात ठेवून दिवस ढकलता आले असते. पण रेडिओचं पत्र आलं तशी सितारामनं वस्तीला आवतण दिलं. तेही चाललं असतं. वस्तीला कपाचं काय, प्रत्येकाचा एकेक कप कुठंतरी फळीवर होताच. पण दोन दिवसांनी तो घरी आला आणि टोपी खुंटीला लावत, जणू पाऊस येईल असं सांगावं तसं म्हणाला, "बन्सीधर साहेब यायलेत आपल्या घरी. मायचं गाणं ऐकायला." आजवर त्या वस्तीत कुठलाच साहेब खुर्चीवर बसायला आला नव्हता. सत्यशीलेच्या हातातली परात तिथंच राहिली.

तर आज, साहेबांनीच दिलेल्या रजेच्या सकाळी, प्लग लागंना.

रेडिओ होता मोठा, लाकडी खोक्याचा, बदली होऊन गेलेल्या एका रेल्वेच्या गार्डाकडून घेतलेला, विजेवरच चालणारा. वस्तीत दुसरा रेडिओ एकच, रंगनाथ मास्तरांचा सेलवरचा. तो खांद्याला अडकवून मास्तर पाथरीला सासुरवाडीला गेले होते, कारण रेडिओ खांद्याला नसेल तर त्यांना सासुरवाडीत कुणी ओळखत नसे. सितारामनं बटण खाली केलं, वर केलं. त्याच बोर्डावरचा दिवा ऐटीत लागत होता. फक्त प्लग मुका.

"राहू दे रे लेका," सरजाबाई कोपऱ्यातून म्हणाली. "माझा आवाज म्हंजी फुटकी घागर. काय ऐकायचं त्यात?"

"माय, तू गप बस."

"माझ्या पोटात दुखायलंय. साहेबाला म्हनावं म्हातारी बेजार हाय, मग कवा तरी या."

"पोटाला आज काही काम न्हाई तुझ्या. ते पोळ्यालाच गाऊन बसलंय."

एवढ्यात शेजारचे तात्याराव आले. तात्याराव रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांना रूळ बदलून देणारे. आता निवृत्त झाले होते. पण जगातल्या कुठल्याही बिघाडाकडं ते सिग्नल पडत नसल्यासारखंच बघत. त्यांनी लांबूनच बटणाचा आवाज ऐकला. "बटनाला सवय लागती, सिताराम. रोज एकाच माणसानं दाबलं की ते दुसऱ्याचं ऐकत न्हाई. सुनबाईला दाबू दे."

सत्यशीलेनं पुढं होऊन बटण दाबलं. दाबताना तिनं मनात काय म्हटलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. रेडिओ लागला नाही. ती मुकाट मागं सरली, आणि सरजाबाईनं पदराआड हात जोडले.

तात्यारावांच्या मागून सटवाजी आला. हा गिरणीवाला. गिरणीची मोटार चालू-बंद करता करता विजेशी आपली सोयरीक झाली आहे, असं त्याचं मत होतं. "करंट माझा हात वळखतो," तो म्हणाला आणि प्लगाच्या पितळी पिना हातात घेऊन सोनाराच्या नजरेनं बघू लागला. "ढिल्या झाल्यात. भोकात बसंनात. फाकवल्या पायजेत. चाकू आण."

चाकू आणायला सत्यशीला स्वयंपाकघरात गेली. चाकू समोरच फळीवर होता. तिनं तो बराच वेळ शोधला. शेवटी सितारामच आला आणि तिच्या नाकासमोरून घेऊन गेला.

पिनांच्या मधल्या फटीत चाकू घालून सटवाजीनं त्या फाकवल्या. मग आणखी थोड्या. मग "आता कसं घट बसंल" असं म्हणून आणखी. तो इतका घट बसला की प्लग ओढल्यावर एक पीन बाहेर आली आणि एक आतच राहिली, मोडून. दोघं तिघं त्या भोकाकडं बघत राहिले.

"आता ती काढाय लागंल," सटवाजी म्हणाला, जणू हे दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं.

मेन बंद केलं. सांडशी आणली. पीन निघाली, पण भिंतीवरच्या प्लगाचं झाकणही हातात आलं, आणि आतलं बघून तात्यारावांनी टोपी काढली. आत सगळं निळं होतं.

आता घराच्या रंगाचं सांगायला हवं. जयंती आली की वस्तीतली घरं चुन्यात नीळ कालवून रंगवायची, हा रिवाज. सिताराम कारकून पडला, त्यामुळं त्याची नीळ इतरांपेक्षा गडद. यंदा त्यानं भिंती रंगवल्या, चौकट रंगवली, रांजणाची पाठ रंगवली, आणि कुंचल्याला रंग उरला म्हणून विजेच्या लाकडी बोर्डावरूनही दोन हात फिरवले, काळ्या गोल बटणांसकट, प्लगाच्या भोकांसकट. "समदं घर निळं, मग बोर्डानं काय घोडं मारलंय," असं तेव्हा तो म्हणाला होता, आणि सत्यशीलेला त्याचं कौतुक वाटलं होतं. ते चुन्याचं पाणी भोकांतून आत उतरलं, पितळेच्या स्क्रूवर हिरवा गंज चढला, तारेचं टोक कुजून सुटलं. दिव्याच्या बटणात पाणी गेलं नाही, ते वाचलं. प्लग मात्र जयंतीपासून हळूहळू मरत होता आणि आज मेला. इतकी साधी गोष्ट. पण ज्या घरात आनंदानं रंग दिला, त्या घरात त्याच रंगानं दगा द्यावा, हे सितारामला लागलं. तो काही वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला.

"आता काय करतोस?" तात्याराव म्हणाले. "माझ्या घरी... पर माझ्याकडं पलगच न्हाई. सुलाबाईकडं बी नुसता बलप."

"असता तरी रेडिओ इथनं हलणार न्हाई," सिताराम म्हणाला. "साहेब माझ्या घरी यायलेत."

सत्यशीलेनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यात इतका हट्ट तिनं कधी बघितला नव्हता. लोक म्हणत होते, कारकुनाला मिरवायची हौस. तिलाही तसंच वाटत होतं, आणि मिरवायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली काय पुरलंय हे एकट्या तिला ठाऊक होतं. तिला आणि कोपऱ्यातल्या म्हातारीला.

सटवाजीनं तारेचं टोक ब्लेडनं खरवडलं, स्क्रूत पिळलं. पिळताना एक बारीक तार, केसाएवढी, शेजारच्या स्क्रूला जाऊन भेटली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मेन लावलं, बटण दाबलं, आत फट् झालं, आणि घरातला एकुलता एक धडधाकट दिवाही गेला.

"फूज उडाला," सटवाजी म्हणाला. "हे चांगलंच झालं. म्हंजी करंट यायलाय."

फ्यूजची तार मिळायचं दुकान त्या दिवशी नेमकं बंद. सटवाजी गिरणीत गेला आणि मोटारीच्या तारेतला एक जाड पदर घेऊन आला. "हा बाप जन्मात उडनार न्हाई," त्यानं सांगितलं, आणि तो खरं बोलला. तो उडाला नाही. मेन लावल्याबरोबर खांबावर निळा जाळ झाला, आणि सितारामच्या घरात जे बिघडलं होतं ते सगळ्या वस्तीत बिघडलं. पलीकडं गिरणीची मोटार कण्हली आणि थांबली. सटवाजीनं मान वळवून तिकडं बघितलं. गिरणीपुढं दळणाच्या डाली घेऊन बसलेल्या बायकांनी मान वळवून इकडं बघितलं.

थोड्याच वेळात त्या डाली सितारामच्या अंगणात येऊन बसल्या. सुलाबाई पुढं होती. हिचं घर बोळाच्या पलीकडं, आणि हिचा आवाज त्याच्याही पलीकडं जाणारा.

"काय गं सत्यशीले, तुझ्या सासूला गायला आमचं पीठ लागतं का?"

"सुलाकाकू, बसा तरी."

"बसलेच हाय. पीठ झाल्याबिगर उठत न्हाई. सरजाबाई, असं काय गायलीस गं, की खांबाला सोसंना?"

बायका हसल्या. सरजाबाई हसली नाही. दुपार कलली होती, आणि लोक जमायला सुरुवात झाली होती.

"जा गं त्याच्या संगं," सरजाबाई सुनेच्या कानाशी म्हणाली. "लाईटीच्या हाफिसात निघालाय तो. रस्त्यात सांग त्याला. माझ्यानं व्हत न्हाई."

सत्यशीला निघाली. रस्ताभर सिताराम झपाझप चालत होता, ती मागं जवळजवळ पळत. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडीमुळं थांबावं लागलं, तेव्हा तिनं धाडस केलं.

"अवो, एक सांगायचं हुतं."

"रेडिओ लागल्यावर सांग."

"लागायच्या आधीच सांगाय पायजे."

त्यानं वळून तिच्याकडं बघितलं. डबे एकामागून एक जात होते. "सत्यशीले, आज मला काही सांगू नको," तो म्हणाला. "आज फक्त ऐकायचंय." आणि फाटक उघडलं.

लाईटीच्या कचेरीत एक बाबू कानाला पेन लावून बसला होता. त्यानं दरखास्त वाचली. "मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"व्यंकटरावांच्या. घराचे आधीचे मालक."

"त्यांची सही आणा."

"ते वारले."

"मग वारसाची आणा. वारस आहे याचा दाखला आणा."

कालच सितारामनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हेच शब्द, याच क्रमानं सांगितले होते, आणि घरी येऊन बायकोला अभिमानानं सांगितलं होतं की कायदा म्हणजे कायदा. आता तो काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. तिथून कायदा फार वेगळा दिसतो. सत्यशीलेला त्याची कीवही आली आणि मनात दिवाही लागला: व्यंकटराव काही आता येत नाहीत. मेलेल्या माणसाचे इतके उपकार तिनं कधी मानले नव्हते.

"लाईनमन?" सितारामनं विचारलं.

"वसमत रोडला गेलाय. उद्या बघू."

सिताराम जागचा हलला नाही. मग खाली बघत, कचेरीतला आवाज टाकून देऊन तो म्हणाला, "माझी माय गाणार हाय आज रेडिओवर. साडेसहाला. जात्यावरच्या ओव्या."

बाबूनं पेन कानावरून काढलं. "जात्यावरच्या?" तो म्हणाला. "माझी आजी म्हणायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो मी, जातं फिरताना." तो उठला, मागच्या दारी गेला आणि ओरडला, "मन्मथअप्पा, शिडी काढा."

वसमत रोडला गेलेला लाईनमन मागच्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आला. सत्यशीलेनं त्या अनोळखी आजीला मनातल्या मनात बरंच काही सुनावलं.

मन्मथअप्पाच्या कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे होते आणि बोलणं त्याहून ठसठशीत. खांबावर चढण्याआधी त्यानं अंगणातल्या सगळ्या गर्दीला वीज या विषयावर थोडक्यात सांगितलं, ते बरंच लांबलं. मग म्हणाला, "खांबावरचा फूज घालतो. पण ह्या घरात घोटाळा हाय. ह्याची लाईन जोडून ठेवली तर पुन्हा उडंल. म्हणून ह्याची लाईन तोडतो."

"घरातला घोटाळा काढा की," सिताराम म्हणाला.

"आमची हद्द मीटरापोत्तर. मीटराच्या आत शिव जाणे."

वस्तीतले दिवे लागले. गिरणी गरगरली, डाली उठल्या, पण बायका दळणं टाकून परत आल्या, कारण आता गंमत सोडवत नव्हती. लखलखत्या वस्तीत एकच घर अंधारं राहिलं, ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं ते. उन्हं कौलांवरून उतरत होती. सत्यशीलेनं सासूकडं बघितलं. म्हातारीच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा तरतरी आली होती.

पण तात्याराव आता पेटले होते. "मेन लाईन बंद हाय तर लूप लाईननं गाडी काढायची," ते म्हणाले. सुलाबाईच्या घरातल्या दिव्याच्या होल्डरमधून वायर काढायची, खिडकीतून बोळावरून इकडं आणायची. वायर विहारातल्या भोंग्याची होती. ती आली, सुलाबाईच्या खिडकीतून निघाली, कडुनिंबाच्या फांदीवर टेकली, सितारामच्या दारातून आत शिरली. प्लग मोडलेला, म्हणून रेडिओच्या तारेला तार पिळली. सटवाजीनं पिळायला हात पुढं केला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला बाजूला बसवलं. तो फार दुखावला.

आणि तेवढ्यात बन्सीधर साहेब सायकलवरून उतरले.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे सत्यशीलेला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. वाईट असते तर बरं झालं असतं. ते दारात चपला काढून आत आले. सरजाबाईला हात जोडून म्हणाले, "आई, तुमच्यामुळं आमच्या कचेरीचं नाव झालं." तात्यारावांनी पुसून ठेवलेल्या खुर्चीवर बसले. सत्यशीलेनं सुलाबाईच्या घरून आणलेल्या चांगल्या कपबशीतून चहा दिला. तिला वाटलं, घेणार नाहीत. ते म्हणाले, "वा," बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायले. खिडकीतला तो कप त्यांनी ठेवला नव्हता कदाचित. त्यांच्या आधीपासून तो तिथं असेल. त्यांना तो दिसतही नसेल, भिंतीवरचा खिळा दिसत नाही तसा. आणि आता हाच माणूस, तिच्याच तोंडून, एवढ्या लोकांत स्वतःचं नाव ऐकणार होता. उद्या कचेरीत सितारामचं काय व्हायचं? बदली झाली तर म्हातारीला घेऊन कुठं जायचं?

"वेळ झाली," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

सितारामनं रेडिओचा खटका फिरवला. अंगणातली माणसं दारात दाटली. रेडिओ गप्प. त्यानं तार हलवली. गप्प. सटवाजी बसल्या जागेवरून म्हणाला, "मला इचारा आता." कुणी विचारलं नाही. तात्याराव बोळात जाऊन फांदीवरची वायर बघून आले. सगळं जोडलेलं, सगळं ठाकठीक, आणि करंट नाही.

ते का, हे सत्यशीलेला माहीत होतं. उजेड असताना दिवा जाळणं सुलाबाईला पटत नसे. होल्डरमधून वायर निघाली त्यानंतर, घराबाहेर पडताना, तिनं सवयीनं हात वर करून बटण बंद केलं होतं. कपबशी घेऊन बाहेर पडताना सत्यशीलेनं ते बघितलं होतं. एक शब्द बोलायचा नाही, एवढंच करायचं होतं. चूक कुणाचीच नव्हती. प्लग मेला, फ्यूज उडाला, लाईन तुटली, बटण राहिलं. सगळं आपोआप झालं. तिनं ओठ मिटून घेतले.

सिताराम रेडिओपुढं गुडघे टेकून बसला होता. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. बोटं निळी आणि काळी. तो खटका फिरवत होता, परत फिरवत होता, आणि साडेसहा होऊन दहा मिनिटं गेली होती. मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, कारकुनाचा रेडिओ कारकुनासारखाच, साहेब आले की बोलत नाही. साहेबही सौम्यपणे हसले. सितारामनं मागं वळून बघितलं नाही, पण त्याची मान खाली गेली. ती मान सत्यशीलेनं एकदा बघितली होती, नळाखाली कप धुताना.

"सुलाकाकूच्या घरचं बटन बंद हाय," ती म्हणाली.

तात्याराव त्या वयातही पळाले. रेडिओच्या काचेवर पिवळा उजेड आला, अगदी मंद. आतल्या काचेच्या नळ्या तापायला वेळ लागतो. सरजाबाईनं सुनेचा हात धरला. तिचा हात जात्याच्या खुंट्यासारखा टणक होता. मग घरघर आली, घरघरीतून माणसाचा आवाज वर आला, स्वच्छ, सुशिक्षित:

"...पूर्णा येथील सरजाबाई आणि सत्यशीला यांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या आपण आत्ताच ऐकल्या. यानंतर ऐकू या कापसाचे बाजारभाव."

कापसाचे भाव सुरू झाले. सरजाबाईनं सुनेचा हात सोडला. सत्यशीला चौकटीला धरून उभी राहिली. सुटलो, तिच्या मनात आलं. माझं नाव बी घेतलं त्यांनी, हेही आलं, पण मागून.

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "हुकलंच की. जाऊ द्या, आई. पण काय गायला होता तुम्ही? मला दोन ओळी तरी सांगा."

"काय न्हाई, साहेब," सत्यशीला घाईनं म्हणाली. "साधंच. देवाधर्माचं, भावाबहिनीचं. तुमी अजून घोटभर चहा घ्या."

"साधंच होतं," सिताराम म्हणाला. तो उठून उभा राहिला, कचेरीत साहेबांपुढं फाईल घेऊन उभा राहतो तसा, फक्त हात रिकामे होते. त्यानं हात पुढं करून रेडिओ बंद केला. "मी सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. गळा नव्हता त्याच्याकडं, त्यानं ते टिपण वाचून दाखवावं तसं म्हटलं. आईची ओवी म्हटली. मग बायकोची म्हटली, साहेबांच्या नावासकट, एक अक्षर न गाळता. साहेबांच्या हातातली बशी हलायची थांबली. दारातली माणसं मागं सरली नाहीत, पुढंही आली नाहीत. सत्यशीलेला वाटलं, भिंत आपल्या अंगावर येतेय. याला कसं माहीत?

तो साहेबांकडं बघत होता, पण बोलला ते तिलाच सांगितल्यासारखं. "टेप झाल्यावर संध्याकाळी त्यांना गाडीत बसवायला गेलो, तवा रेडिओवाल्यांनी मला स्टेशनावर ऐकवलं होतं. म्हणाले, साहेबाचं नाव हाय, एवढं कापू का? मी म्हटलं, कापू नका."

त्यानं निळ्या बोटांनी तोंड पुसलं.

"कचेरीत रोज ठरवायचो, आज बोलायचं. तोंड उघडायचंच न्हाई. म्हटलं, माय बोलंल, रेडिओ बोलंल, तुमी ऐकाल, माझ्यावर काही यायचं न्हाई. म्हणून बोलावलं तुमाला, साहेब. म्हणून सकाळपासून त्या भोकांत बोटं घालायलो." मग तो सरळ साहेबांना म्हणाला, "उद्यापासून तो कप मी धुणार न्हाई."